शाळेतील संगणकाची जालजोडणी : लिनक्स प्रणालीवरील व्यवस्था व देखभाल

प्राथमिक शाळेत संगणक प्रथम आला तो मुख्यतः अध्यापनाचे एक नवे साधन म्हणून. पुढे शाळेच्या कारभाराचाही मोठा भाग त्याच्याकडे आला. २०१५ पासून राज्यातील विद्यार्थ्यांची माहिती 'सरल' प्रणालीत नोंदविण्यास प्रारंभ झाला. शाळेची वार्षिक सांख्यिकी माहिती 'यूडायस प्लस' या प्रणालीत भरावी लागते. अनेक परीक्षांची आवेदनपत्रेही आता जालावरूनच पाठवावी लागतात. एखाद्या मुलाचे नाव वेळेत नोंदले गेले नाही, तर त्याला मिळावयाची सवलत किंवा परीक्षेस बसण्याची संधी हुकण्याचा संभव असतो. म्हणून संगणकाची जालाशी असलेली जोडणी हा केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाही.

वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाच्या खाणींचे गाव. अशा गावातील एखाद्या शाळेचा संगणक ऐन मुदतीच्या दिवशी जालाशी जोडला गेला नाही, तर शिक्षकाला कागद घेऊन वणीचा रस्ता धरावा लागतो. त्या दिवशी त्याच्या वर्गाला दुसरे कोणी सांभाळते, किंवा कोणीच सांभाळत नाही. पुष्कळ वेळा मूळ दोष अगदी किरकोळ असतो : तार सैल झालेली असते, परवलीचा शब्द बदललेला असतो, किंवा संगणकाचे घड्याळ चुकलेले असते. दोष कोठे आहे हे क्रमाने शोधण्याची रीत ठाऊक असेल, तर यांपैकी बहुतेक अडचणी शाळेतच दूर होऊ शकतात. ती रीत लिनक्स प्रणालीच्या संदर्भात पुढे मांडली आहे.

लिनक्सचा विचार का करावा

'विंडोज १०' या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाला. शाळांतील पुष्कळ जुने संगणक तिच्या पुढील आवृत्तीस पात्र ठरत नाहीत. असे संगणक अडगळीत टाकण्याऐवजी त्यांवर लिनक्स बसविणे हा एक व्यवहार्य मार्ग आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रथम प्रसिद्ध केला. ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि तिची प्रत दुसऱ्यास देण्यास कोणतीही आडकाठी नाही. आपल्या देशात 'सी-डॅक' या संस्थेने २००७ मध्ये 'बॉस' या नावाने लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली. ती डेबियन या आवृत्तीवर आधारलेली असून तीत मराठीचीही सोय आहे. केरळ राज्यात तर शासकीय शाळांतील संगणकशिक्षण मोठ्या प्रमाणावर अशाच मुक्त प्रणालीवर चालते.

लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत जालजोडणीचे काम 'नेटवर्कमॅनेजर' नावाचा व्यवस्थापक पाहतो. 'रेड हॅट' या संस्थेने २००४ मध्ये त्याची सुरुवात केली. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे जोडणीचे लहानसे चिन्ह, मांडणीमधील 'नेटवर्क' हे पान आणि आज्ञा टंकून दिलेले आदेश हे सर्व शेवटी याच व्यवस्थापकाकडे जातात. म्हणून प्रथम त्याची विचार करण्याची पद्धत समजून घेणे इष्ट आहे.

इंटरफेस आणि जोडणी यांतील भेद

नेटवर्कमॅनेजर दोन गोष्टी कटाक्षाने निराळ्या मानतो. पहिली गोष्ट म्हणजे इंटरफेस. संगणकाचे जालाकडे उघडणारे दार म्हणजे इंटरफेस होय. तारेची खोबण, वायफायचे कार्ड, यूएसबी तारेने जोडलेला भ्रमणध्वनी ही निरनिराळी दारे आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे जोडणी. त्या दाराचा उपयोग कसा करावयाचा याविषयीची लिहून ठेवलेली सूचना म्हणजे जोडणी. कोणत्या जालाशी जावयाचे, परवलीचा शब्द कोणता, पत्ता मागून घ्यावयाचा की स्वतः ठरवावयाचा, हा सर्व तपशील जोडणीत असतो.

शाळेच्या व्यवहारातील उदाहरण घेतल्यास इंटरफेस म्हणजे वर्गखोली आणि जोडणी म्हणजे वेळापत्रक. खोली एकच असते. तिच्यासाठी वेळापत्रके अनेक लिहून ठेवता येतात. परंतु एका वेळी त्यांतील एकच अंमलात असते. तद्वतच एका वायफाय कार्डासाठी 'शाळेचा राउटर', 'ग्रामपंचायत' आणि 'मुख्याध्यापकांचा हॉटस्पॉट' अशा तीन जोडण्या संगणकात जतन असू शकतात, पण कार्ड एका वेळी त्यांपैकी एकीनेच चालते.

या भेदातून दोन व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. एक, जोडणीत बदल करून तो जतन केला, तरी चालू असलेल्या इंटरफेसवर तो सामान्यतः लगेच लागू होत नाही. जोडणी एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. वेळापत्रक फळ्यावर नवे लिहिले म्हणून चालू तास बदलत नाही, तसाच हा प्रकार. हे ठाऊक नसल्यामुळे योग्य बदल करूनही तो निरुपयोगी ठरला असा समज होतो, आणि मग चांगल्या मांडणीत आणखी चुकीचे बदल केले जातात. दोन, हॉटस्पॉटचा परवलीचा शब्द बदलला तरी संगणकातील जुन्या जोडणीत जुनाच शब्द राहतो. अशा वेळी जुनी जोडणी दुरुस्त करावी किंवा काढून टाकावी. एकाच नावाच्या दोन-तीन जोडण्या साचू देऊ नयेत.

इंटरफेसची नावे

लिनक्समध्ये प्रत्येक इंटरफेसला एक लहान नाव असते. पूर्वी तारेच्या पहिल्या खोबणीस 'ईटीएच०' आणि वायफायला 'डब्ल्यूएलएएन०' असे म्हणत. एकाहून अधिक कार्डे असल्यास संगणक पुन्हा सुरू केल्यावर या क्रमांकांची अदलाबदल होण्याचा संभव असे. म्हणून २०१३ पासून कार्ड यंत्रात ज्या जागी बसविले आहे तीवरून नाव देण्याची पद्धत रूढ होत गेली. 'ईएनपी३एस०' या नावात 'ईएन' म्हणजे तारेची जोडणी, 'पी३' म्हणजे तिसरा मार्ग आणि 'एस०' म्हणजे शून्य क्रमांकाची खाच. वायफायचे नाव 'डब्ल्यूएल' या अक्षरांनी सुरू होते. 'एलओ' या नावाचा एक इंटरफेस सर्वच संगणकांत दिसतो. तो संगणकाने स्वतःशीच बोलण्याकरिता असतो. त्याला हात लावू नये.

येथे एक सूचना ध्यानात घ्यावी. या लेखात आज्ञा व अंक देवनागरीत दिले आहेत. संगणकावर टंकताना मात्र लहान रोमन अक्षरे व इंग्रजी अंक वापरावेत, आणि दोन शब्दांत एक जागा सोडावी.

पत्ता, वेस आणि दप्तर

जालावरील प्रत्येक संगणकाला एक पत्ता लागतो. प्रचलित पद्धतीत तो ० ते २५५ यांमधील चार संख्यांचा असतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२५. यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी जालांसाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे राजूरच्या शाळेतील आणि पांढरकवड्याच्या शाळेतील संगणकांचे पत्ते तंतोतंत सारखे असले तरी बिघडत नाही. एकाच शाळेत मात्र दोन संगणकांना एकच पत्ता असता कामा नये.

हे पत्ते बहुधा राउटर वाटतो. वर्षारंभी शिक्षक हजेरीपटावर क्रमांक देतो, त्याप्रमाणे राउटर जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकास मुदतीने पत्ता देतो. या पद्धतीस 'डीएचसीपी' म्हणतात. मांडणीच्या पानावर ती 'ऑटोमॅटिक' या नावाने दिसते. 'मॅन्युअल' निवडल्यास पत्ता स्वतः लिहावा लागतो. एखाद्या मुलाने आपला क्रमांक आपणच ठरविला, तर तो दुसऱ्याच्या क्रमांकाशी जुळण्याची भीती असते. म्हणून विशेष कारण नसेल तर सर्व संगणक 'ऑटोमॅटिक' वरच ठेवावेत.

पत्त्याबरोबर आणखी दोन गोष्टी मिळतात. पहिली गोष्ट म्हणजे गेटवेचा पत्ता. गावाबाहेर जाणारा प्रत्येक जण जसा वेशीतून जातो, तसा शाळेबाहेर जाणारा सर्व मजकूर गेटवेमधून जातो. ही वेस म्हणजे बहुधा राउटरच होय. दुसरी गोष्ट म्हणजे नामसेवेचा पत्ता. माणूस संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण मजकूर जातो तो अंकी पत्त्यावर. तलाठ्याच्या दप्तरात खातेदाराच्या नावावरून गट क्रमांक मिळतो, त्याप्रमाणे नामसेवा नावावरून पत्ता काढून देते. या सेवेला 'डीएनएस' म्हणतात. तिची योजना १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. घराचे दार, गावाची वेस आणि तलाठ्याचे दप्तर ही तीन ठिकाणे मनात स्पष्ट असली, म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपे होते.

जोडणी प्रथम तयार करताना

शाळेत जोडणी तीन मार्गांनी मिळू शकते. पहिला मार्ग तारेचा. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची केबल नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ पासून ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाते. जेथे अशी जोडणी चालू आहे आणि ती शाळेपर्यंत आणावयाची आहे, तेथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. नेहमीची तांब्याची जालतार एका सलग टप्प्यात १०० मीटरपर्यंतच भरवशाने काम देते. अंतर अधिक असल्यास बिनतारी साधन किंवा प्रकाशतंतूच वापरावा लागतो. शाळेतील तार खोबणीत 'टक्' असा आवाज होईपर्यंत बसवावी. जोडणी 'ऑटोमॅटिक' असेल तर बहुधा याहून अधिक काही करावे लागत नाही.

दुसरा मार्ग वायफायचा. कोपऱ्यातील चिन्हावर टिचकी दिल्यावर उपलब्ध जालांची यादी दिसते. तीतून आपले नाव निवडून परवलीचा शब्द द्यावा. भ्रमणध्वनीचा हॉटस्पॉट चालू असूनही यादीत दिसत नसेल, तर त्याची लहरपट्टी पाहावी. जुनी वायफाय कार्डे पुष्कळदा केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओळखतात, आणि नवे भ्रमणध्वनी ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट चालवितात. भ्रमणध्वनीच्या मांडणीत २.४ गिगाहर्ट्झ निवडताच नाव दिसू लागते.

तिसरा मार्ग यूएसबी तारेचा. मेजावरील पुष्कळ संगणकांत वायफायचे कार्डच नसते. अशा वेळी भ्रमणध्वनी तारेने जोडून त्यावरील 'यूएसबी टिथरिंग' चालू करावे. संगणकात लगेच एक नवा इंटरफेस निर्माण होतो आणि तारेच्या जोडणीप्रमाणे तो काम करू लागतो.

शिक्षकाच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवरील डेटा वापरला जात असेल, तर त्या जोडणीच्या मांडणीत 'मीटर्ड कनेक्शन' ही खूण करून ठेवावी. त्यामुळे पुष्कळ आवृत्त्यांत प्रणालीच्या मोठ्या सुधारणा आपोआप उतरविल्या जात नाहीत, आणि दिवसाचा डेटा सकाळीच संपून जात नाही.

दोष शोधण्याचा क्रम

जोडणी चालत नसेल तेव्हा एकाच वेळी अनेक बदल करणे हा सर्वांत मोठा धोका होय. एक बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा, उपयोग झाला नाही तर तो पूर्ववत करावा, आणि मगच पुढे जावे. तपासणी घरापासून सुरू करून बाहेर न्यावी. तिच्या सहा पायऱ्या आहेत.

पहिली पायरी दाराची. तार पक्की आहे काय, खोबणीजवळील दिवा लागतो काय, राउटरला वीज आहे काय, हे डोळ्यांनी पाहावे. खाणींच्या परिसरात बारीक धूळ खोबणीत साचते; संगणक बंद करून कोरड्या मऊ ब्रशाने ती काढावी. नंतर टर्मिनलमध्ये 'एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस' ही आज्ञा द्यावी. प्रत्येक इंटरफेसपुढे त्याची स्थिती दिसते. 'अनअव्हेलेबल' म्हणजे तार नाही किंवा वायफायची कळ बंद आहे. 'डिस्कनेक्टेड' म्हणजे दार ठीक आहे, पण कोणतीही जोडणी चालू नाही. 'कनेक्टेड' म्हणजे जोडणी चालू आहे. 'अनमॅनेज्ड' म्हणजे हे दार नेटवर्कमॅनेजरच्या ताब्यातच नाही. इंटरफेस यादीत मुळीच दिसत नसेल, तर कार्डाचे चालक-साहित्य उपलब्ध नसण्याचा संभव असतो. जून २०२३ मध्ये निघालेल्या डेबियन १२ पासून असे बरेचसे साहित्य स्थापनेच्या प्रतीतच दिलेले असते.

दुसरी पायरी जोडणीची. 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' या आज्ञेने जतन केलेल्या सर्व जोडण्या दिसतात. हवी ती जोडणी 'एनएमसीएलआय कनेक्शन अप' या शब्दांपुढे तिचे नाव लिहून सुरू करता येते. बंद करावयाची असल्यास 'अप' ऐवजी 'डाउन' लिहावे. ज्यांना आज्ञा टंकणे अवघड वाटते त्यांनी 'एनएमटीयूआय' एवढाच शब्द द्यावा. बाणांच्या कळांनी चालणारी एक साधी यादी उघडते.

तिसरी पायरी पत्त्याची. 'आयपी अ‍ॅड्रेस' ही आज्ञा दिल्यावर आपल्या इंटरफेसपुढे चार संख्यांचा पत्ता दिसला पाहिजे. सामान्यतः पत्त्यासाठी ४५ सेकंद वाट पाहून प्रयत्न असफल ठरविला जातो. पत्ता मिळत नसेल तर दोष बहुधा राउटरकडे असतो. राउटर बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू करावा.

चौथी पायरी वेशीची. 'आयपी रूट' ही आज्ञा दिल्यावर 'डीफॉल्ट' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत गेटवेचा पत्ता दिसतो. 'पिंग' या शब्दापुढे तो पत्ता लिहून आज्ञा द्यावी. ही त्या पत्त्याला घातलेली हाक होय; उत्तर आले तर ओळीमागून ओळ उमटत जाते. लिनक्समध्ये ही हाक आपोआप थांबत नाही. 'कंट्रोल' व 'सी' या कळा एकदम दाबून ती थांबवावी. काही राउटर अशा हाकेस मुद्दामच उत्तर देत नाहीत, म्हणून सर्व काही ठीक असताना एकदा हे करून पाहिलेले बरे.

पाचवी पायरी गावाबाहेरची. ८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक नामसेवेचा पत्ता आहे. त्यास पिंग करावे. वेशीकडून उत्तर येते, पण येथून येत नाही, अशी स्थिती असेल तर शाळेतील मांडणी निर्दोष आहे असे समजावे. दोष सेवा देणाऱ्याकडे असून तक्रार तेथेच नोंदवावी. शाळेतील संगणकात अशा वेळी काहीही बदलू नये.

सहावी पायरी दप्तराची. अंकी पत्त्यास उत्तर मिळते, पण संकेतस्थळाच्या नावास पिंग केल्यावर नावच ओळखले जात नसेल, तर दोष नामसेवेचा होय. जोडणीच्या मांडणीत नामसेवेचा पत्ता तपासावा, आणि बदल केल्यावर जोडणी बंद करून पुन्हा सुरू करावी.

हा क्रम पाळण्यास थोडा वेळ लागतो. परंतु 'इंटरनेट चालत नाही' या मोघम वाक्याच्या जागी 'वेशीपर्यंत ठीक आहे, पुढे जात नाही' असे निश्चित वाक्य शिक्षकाच्या हाती येते. दूरध्वनीवरून मदत मागताना अशा वाक्याने काम पुष्कळ हलके होते.

फसविणारे काही दोष

सर्व पायऱ्या ठीक असूनही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नसतील, तर संगणकाचे घड्याळ पाहावे. जुन्या यंत्रातील नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज जाताच दिनांक कित्येक वर्षे मागे जातो. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. दिनांक चुकीचा असल्यास ते प्रमाणपत्र अमान्य ठरते आणि धोक्याची सूचना दिसते. बॅटरी बदलावी व स्वयंचलित वेळ चालू ठेवावी. अशी सूचना डावलून पुढे जाण्याची सवय मात्र लावून घेऊ नये.

दुसरा दोष दोन वाटांचा. संगणकास राउटरची तार जोडलेली आहे, पण राउटरची बाहेरील सेवा बंद आहे. म्हणून शिक्षक हॉटस्पॉट जोडतो, तरीही काही उघडत नाही. याचे कारण असे की नेटवर्कमॅनेजर प्रत्येक वाटेस एक अंक देतो, आणि लहान अंकाची वाट प्रथम धरली जाते. तारेचा अंक मुळात १००, तर वायफायचा ६०० असतो. वाट पुढे बंद आहे की काय याची तपासणी जेथे चालू नसेल, तेथे सर्व मजकूर त्या बंद वाटेनेच जात राहतो. अशा वेळी तार काढून ठेवणे हाच सोपा उपाय होय.

तिसरा दोष 'अनमॅनेज्ड' या स्थितीचा. डेबियन व तिच्यावर आधारलेल्या आवृत्त्यांत 'इंटरफेसेस' नावाची जुन्या पद्धतीची एक फाइल असते. तीत एखाद्या इंटरफेसचे नाव लिहिलेले असेल तर नेटवर्कमॅनेजर त्या दारास हात लावीत नाही. फाइलीची प्रत काढून ठेवून त्या इंटरफेसच्या ओळींच्या आरंभी हॅश चिन्ह घालावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. 'एलओ' विषयीच्या ओळी तशाच राहू द्याव्यात. हे काम व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द असलेल्या व्यक्तीनेच करावे.

एका जोडणीवर अनेक संगणक

शाळेत तीन-चार संगणक आहेत आणि बाहेरील जोडणी एकच आहे, अशी स्थिती नेहमी आढळते. त्यासाठी लिनक्समध्ये सोय आहे. एक संगणक यूएसबी तारेने भ्रमणध्वनीस जोडावा. त्याच्या तारेच्या जोडणीत 'आयपीव्ही४' या पानावर 'शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स' हा पर्याय निवडावा, आणि ती तार एका साध्या स्विचमध्ये घालून इतर संगणक त्या स्विचला जोडावेत. पहिला संगणक आता इतरांची वेस बनतो. सामान्यतः तो स्वतः १०.४२.०.१ हा पत्ता घेऊन इतरांना पत्ते वाटू लागतो. ही तार ग्रामपंचायतीच्या किंवा दुसऱ्या राउटरच्या जालात मात्र कधीही घालू नये. एका जालात पत्ते वाटणारे दोन झाले की गोंधळ माजतो.

बाहेरील जोडणी नसली तरी शाळेतील संगणक आपसांत जोडलेले राहू शकतात, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. रायगड जिल्ह्यातील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग झाला. त्या लहान संगणकांवर लिनक्सचीच एक आवृत्ती होती, आणि जवळजवळचे संगणक बिनतारी लहरींनी परस्परांशी थेट जोडले जातील अशी त्यांची रचना होती. मुलांनी एकमेकांना चित्र किंवा मजकूर दाखविण्यासाठी गावाबाहेर जाण्याची आवश्यकता नसते. बाहेरील सेवा बंद आहे म्हणून संगणकाचा तास रद्द करणाऱ्या शाळेने या गोष्टीचा विचार करावा. एका संगणकावर ठेवलेली गोष्टींची पुस्तके व ध्वनिफिती इतर संगणकांवरून वाचता व ऐकता येतात. त्यास शाळेतील तार पुरेशी आहे.

नोंद, दक्षता आणि बदली

वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की राउटरची वीज आणि जालतार दोन्ही काढून ठेवावीत. केवळ कळ बंद करून भागत नाही. अनोळखी उघड्या वायफायवरून विद्यार्थ्यांची माहिती भरू नये. अशा जालाची जोडणी एकदा झाली असेल तर ती यादीतून काढून टाकावी, नाहीतर संगणक पुढच्या वेळी आपोआप तेथे जातो. परवलीचे शब्द भिंतीवर किंवा पडद्याच्या चौकटीवर चिकटवून ठेवू नयेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट नोंदीची. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते. संगणक तेथेच राहतो. ज्याने जोडणी बसविली तोच गेला की नव्या शिक्षकाला सर्व शोध पहिल्यापासून घ्यावा लागतो. म्हणून जडवस्तुसंग्रह नोंदवहीत जशी टेबल-खुर्च्यांची नोंद असते, तशी जालजोडणीसाठी एक स्वतंत्र लहान वही ठेवावी. प्रत्येक संगणकापुढे त्यातील इंटरफेसची नावे, चालू जोडणीचे नाव, पत्ता 'ऑटोमॅटिक' की 'मॅन्युअल', गेटवेचा पत्ता, आणि सेवा देणाऱ्याचा तक्रार क्रमांक लिहावा. पुढील पानांवर दिनांक, आढळलेला दोष, केलेला बदल आणि त्याचा परिणाम असे चार रकाने आखावेत. परवलीचे शब्द बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावेत. कार्यभार देताना ही वही व पाकीट इतर दप्तराबरोबर यादीत दाखवून सुपूर्द करावे.

वर्गातील उपयोग

हा विषय तिसरी-चौथीच्या मुलांनाही खेळाच्या रूपाने समजतो. वर्गातील प्रत्येक रांग म्हणजे एक गाव मानावे. प्रत्येक मुलास रांगेचा व जागेचा मिळून एक अंकी पत्ता द्यावा. रांगेच्या टोकाचे मूल ती वेस, आणि फळ्याजवळ वही घेऊन बसलेले मूल ते दप्तर. एका मुलाने दुसऱ्यास चिठ्ठी पाठवावी. नाव ठाऊक आहे पण पत्ता नाही, तर प्रथम दप्तराकडे विचारणा करावी. चिठ्ठी हातोहात वेशीवरून पुढे जाते. मग शिक्षकाने एका वेशीस डोळे मिटून बसण्यास सांगावे, आणि चिठ्ठी कोठे अडली ते मुलांना शोधू द्यावे. मुले प्रथम सर्वांना एकदम विचारतात. थोड्याच वेळात त्यांच्या ध्यानात येते की एका टोकापासून क्रमाने विचारत गेले म्हणजे अडलेली जागा लवकर सापडते.

शिक्षकाने संगणकापुढे बसून करावयाचे कामही याच रीतीचे आहे. प्रत्येक शाळेने चालू महिन्यात, जोडणी सुरळीत असताना, वर दिलेल्या सहा पायऱ्या एकदा करून पाहाव्यात, आणि दिसलेले पत्ते व स्थिती वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवाव्यात. जोडणी बिघडेल त्या दिवशी तुलनेसाठी तेच पान उघडावे लागेल.